तळपद्यांची जागा

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या वडिलांनी मला नोकरीवरून काढून टाकलं. घरातल्या घरात, लेखी, तांबड्या शाईनं. कारण दिलं होतं: हेडक्लार्कच्या मुलाची बतावणी करणे. आता हे वाचून कोणाला वाटेल की काहीतरी घडलं. काहीही घडलेलं नाही. ज्या कागदावर क्रमांक नाही तो कागद नसतोच, हा अण्णांचाच नियम. बत्तीस वर्षं त्यांनी एका सरकारी खात्याच्या आवक-जावक शाखेत काढली, म्हणजे बाहेरून आलेल्या आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक देण्यात. त्या हुकमावर क्रमांक घालायला ते विसरले. म्हणजे हुकूम नाही; हुकूम नाही म्हणजे मंगळवार नाही. सोमवारनंतर बुधवार आला आणि मी सावकाश दाढी केली.

खरोखर घडलं ते आठ महिन्यांपूर्वी, आणि ते एवढंसं होतं. शनिवार होता. छापखाना दुपारी सुटला होता. मी तिथे मुद्रितं तपासतो, दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेतो. पार्ल्याच्या स्टेशनवरून घराकडे चालत येताना कारखान्यातल्या बिस्किटांचा वास बरोबर येत होता, आमच्या गल्लीपर्यंत तो नेहमीच सोबत करतो. दार अण्णांनी उघडलं. मला वरपासून खालपर्यंत पाहून ते म्हणाले, “कोण पाहिजे?” आणि मी हसलो. हसलो एवढंच नाही, तर पिशवी खाली ठेवून, दोन्ही हात मागे बांधून, कपाळ पुढे केलं. एकतीस वर्षांचा, मिशी असलेला, एका बायकोचा नवरा दारात कपाळ पुढे करून उभा, आणि समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकलेला. “ताप आहे का तुम्हाला?” अण्णा म्हणाले. मग मान वळवून आत हाक मारली, “सूनबाई, कोणी गृहस्थ आलेत. त्यांना बरं नाहीसं दिसतंय. पाणी आण.” माणिक पाणी घेऊन आली, मला पाहून थांबली. तांब्या तिच्या हातातच राहिला. मला तहान नव्हती, पण मी पाणी प्यालो. गृहस्थानं तेवढं तरी करायला हवं.

त्या कपाळाची हकीकत अशी. मी सात वर्षांचा असताना अण्णांनी मला खारदांड्याला समुद्रावर नेलं होतं. तिथे वाळत घातलेल्या जाळ्यांच्या ढिगामागे मी गंमत म्हणून लपलो. सुरुवातीला हसू आवरत नव्हतं. मग अण्णांच्या हाका ऐकू येऊ लागल्या, आधी रागाच्या, मग नुसत्या मोठ्या, मग अशा की त्यांत माझं नाव असूनही ते मला उद्देशून नव्हतंच, समुद्राला होतं. तेव्हा मी बाहेर यायला घाबरलो. सुक्या मासळीच्या वासात तोंड खुपसून किती वेळ बसलो कोण जाणे. शेवटी एका कोळणीनं मला बखोटीला धरून त्यांच्यासमोर उभं केलं. मार बसणार म्हणून मी डोळे मिटले. अण्णांचा श्वास लागला होता, टोपी कुठेतरी पडली होती. ते म्हणाले, “कोण पाहिजे?” मी म्हटलं, “विद्याधर गजानन तेलंग.” ते म्हणाले, “कुठून आला?” मी म्हटलं, “जाळ्यातून.” मग त्यांनी उजव्या हाताचा अंगठा माझ्या कपाळावर दाबला, जोरात, शिक्का मारतात तसा, आणि म्हणाले, “आवक.” तेव्हापासून शाळेतून आलो की दारात तेच. कोण पाहिजे, नाव, अंगठा, आवक. मॅट्रिक होईपर्यंत चाललं. पुढे मला लाज वाटायला लागली. मग त्यांनी विचारणं बंद केलं. इतक्या वर्षांनी त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा आज रंगात आहे.

डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे. अण्णांचं वय त्रेसष्ट. डॉक्टर स्वतः सत्तरीचे होते आणि हे सांगताना त्यांनी माझं नाव दोनदा चुकवलं. त्यांनी टॉनिक लिहून दिलं. फारच झालं तर ठाण्याच्या इस्पितळाचा विचार करा, म्हणाले. ठाण्याचं इस्पितळ म्हणजे काय हे पार्ल्यात सगळ्यांना ठाऊक असतं, फक्त कोणी आवाज चढवून सांगत नाही. मी टॉनिक आणलं. गंमत अशी की अण्णांना बाकी सगळं बऱ्यापैकी ओळखू येत होतं. माणिक ओळखू येत होती, दूधवाला येत होता, मागच्या खोलीत राहणारा लवू येत होता. फक्त मी नव्हतो. सून होती, मुलगा नव्हता. “मला विचारतात,” माणिक म्हणाली, “‘सूनबाई, तुझे यजमान कधी येणार?’ आता मी काय सांगू? मागे उभे आहेत, वळून बघा?” “सांग ना तसं.” “सांगितलं हो. वळून बघितलं. म्हणाले, हे गृहस्थ अजून इथेच?”

त्यातच ते रोज सकाळी नऊला कोट-टोपी घालून कचेरीत जायला निघत. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. दोनदा स्टेशनवरून परत आणले. मग मी एक गोष्ट केली. अण्णांच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी लावायला लागलो. तीन दिवस लावली. तिसऱ्या दिवशी आतून हात आपटल्याचा आवाज येत असताना मी गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो. छापखान्यात बसलो तरी कानात तोच आवाज, टाइप जुळवणाऱ्यांची खटखटसुद्धा तशीच ऐकू यायला लागली. त्या दिवशी ‘वडील’ हा शब्द माझ्यासमोर आला आणि तो बरोबर छापलाय की चूक हेच मला कळेना. पाच मिनिटं पाहत होतो. व-डी-ल. जितकं पाहावं तितका तो अनोळखी होत गेला. तेव्हापासून एक सवय लागली आहे. दर तासाला मी मनात स्वतःचं नाव, पत्ता आणि माणिकच्या सगळ्या भावंडांची नावं म्हणून पाहतो. एखादं अडलं की पहिल्यापासून पुन्हा सुरू करतो.

चौथ्या दिवशी माणिकनं कडी काढली आणि अण्णा नाहीसे झाले. सापडले नाहूरला. नाहूर म्हणजे दुसऱ्याच रेल्वेच्या पलीकडचं, खाडीकडचं गाव. नाहूरला आमचं कोणी नाही. नाहूरला तेव्हा कोणाचंच कोणी नव्हतं. तिथल्या मिठागराच्या कचेरीत अण्णा खुर्चीवर बसून जुन्या पावत्या तारखेप्रमाणे लावत होते. शांत. कपाळावर घाम नाही. सबंध महिन्यात मी त्यांना इतकं ठीक पाहिलं नव्हतं. तिथला बाबू मला बाजूला घेऊन म्हणाला, “घेऊन जा म्हणा, पण दोन दिवस राहिले असते तर मागची दोन वर्षं पुरी झाली असती.”

हे मी लवूला सांगितलं. लवू गिरणीतला, तीस वर्षं कापड विणायच्या साच्यावर काढलेला, कापसानं छाती भरली म्हणून घरी बसवलेला. मालवणकडचा. तो विडी विझवून म्हणाला, “दार लावन ठेवलास तर तेंच्या डोक्यात दारच रवतला. तेंका हापिस होया ना? मग द्या हापिस. तेंका नाहूराक कित्याक पाठवतास?” “कचेरी कुठून देऊ, लवू? ती काय वाण्याकडे मिळते?” “टेबल आसा, खुर्ची आसा. शिपाय मी होतंय. तीस वर्सा साच्याक सलाम केलंय, आता माणसाक करतंय.” मी हसलो. लवू हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं खाकी सदरा धुऊन आणला होता.

आम्ही बाहेरची खोली कचेरी केली. हजेरीपट, दोन रजिस्टरं, तांबडी-निळी पेन्सिल, फोर्टातून करून आणलेला रबरी शिक्का. सकाळी नऊला अण्णा कोट घालून दाराशी आले तेव्हा लवूनं टाचा जुळवून सलाम ठोकला आणि आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत त्यांना नेलं. वाटेत “संबाळून हेडसायब, पायरी आसा,” म्हणाला, आणि जिथे पायरी नव्हती तिथे अण्णांनी पाय उचलला. ते बसले. दौत उघडली. पेन्सिलीला टोक आहे का पाहिलं. मग विचारलं, “तळपदे आले नाहीत?”

तळपदे हे त्यांच्या हाताखालचे क्लार्क. बेचाळीस साली टायफॉइडनं वारले. म्हणजे त्यांची हरकत असण्याचं कारण नव्हतं. मी मागच्या दारानं बाहेर पडलो, अंगणातल्या जांभळाच्या झाडाला वळसा घातला, काळी टोपी डोक्यावर ठेवली आणि पुढच्या दारानं आत आलो. “नमस्कार साहेब.” अण्णांनी घड्याळ पाहिलं. “वीस मिनिटं उशीर, तळपदे.” हजेरीपटावर माझ्या नावापुढे, म्हणजे तळपद्यांच्या नावापुढे, त्यांनी तांबडी फुली मारली आणि मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. कित्येक दिवसांनी त्यांनी मला कोणीतरी म्हणून ओळखलं होतं.

आणि खरोखर फरक पडला. हे मी थट्टेनं सांगत नाही. ते भटकायचे थांबले. जेवेनात ते डबा आल्यावर जेवू लागले. लवू पितळी डबा घेऊन घराला फेरी मारून आत येई. आंघोळीला हात लावू देत नसत. लवूनं “उद्या सायब इन्स्पेक्शनाक येतले” अशी वर्दी दिली की स्वतःच पंचा मागत. दर दोन तासांनी लवू त्यांना “जरा पाय मोकळे करूया” म्हणून मोरीकडे नेऊन आणी, त्यामुळे धोतरं खराब होणं बंद झालं. इंग्रज साहेब सत्तेचाळीस साली बोटीनं गेले होते, पण इन्स्पेक्शन रोज होतं. वाऱ्यावर बिस्किटांचा वास आला की अण्णा चहाची वेळ झाली असं समजत, आणि वारा फिरला की दिवसातून तीनदा चहाची वेळ होई. माणिक चहा टाके. कारखाना काय बंद करायचा होता?

पण तळपदे होणं सोपं नव्हतं. सकाळभर मी मेलेल्या माणसाची टोपी घालून माझ्या वडिलांना साहेब म्हणे, दुपारी एकला ‘टपाल घेऊन फोर्टात’ म्हणून छापखान्यात, मागून घेतलेल्या अर्ध्या पाळीला, जाई आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारानं चोरासारखा घरात शिरे. एका रविवारी सहानंतरही बाहेरच्या खोलीत रेंगाळलो तर अण्णांनी मला जवळ बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाले, “तळपदे, राग मानू नका. घरात तरुण सून आहे. तिचा नवरा इथे नाही. तुम्ही वेळेवर घरी जात जा.” मी गेलो. जांभळाखाली उभा राहिलो. माणिकनं खिडकीतून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ती हसत होती की दुसरं काही, हे अंधुक उजेडात कळलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. तिथे उभ्या उभ्या मला वाटलं, आपण खरंच या घरातले नसलो तर? अण्णा बरोबर असतील आणि माझ्याच डोक्यात काहीतरी सुटलं असेल, तर? मी नाव म्हटलं, पत्ता म्हटला, मेहुण्यांची नावं म्हटली. धाकट्या मेहुणीचं नाव येईना. वनमाला. आलं. पण मधे जी भोकासारखी जागा पडली होती ती मी पाहून ठेवली.

सूनबाईच्या काळजीनंच पत्रं सुरू झाली. अण्णा सांगत, मी लिहून घेई. “चि. विद्याधर यास अनेक आशीर्वाद. तू हल्ली घरी येत नाहीस. सूनबाई काही बोलत नाही, पण मला दिसतं. तुला माझं काही लागलं असेल तर समोर येऊन सांग.” मी खाली मान घालून लिहीत असे. एखाद्या शब्दापाशी पेन अडलं की ते सहानुभूतीनं म्हणत, “तुम्हाला मुलं नाहीत ना, तळपदे? मग कळायचं नाही.” पत्राला जावक क्रमांक पडे, लवू ते घेऊन बाहेर जाई आणि मागून येऊन माझ्याच हातात देई. मी ती फडताळात ठेवत होतो. तेरा झाली. सोमवारी चौदावं झालं तेव्हा अण्णा अस्वस्थ होते. तीनतीनदा जावक रजिस्टर उघडून पाहत होते. “उत्तर का येत नाही? टपाल पोचतं ना?” मग मला म्हणाले, “पत्ता नीट घातला?” “आपण सांगा साहेब.” त्यांनी आमचाच पत्ता सांगितला, एकही अक्षर न चुकता, जांभळाच्या झाडासकट. “म्हणजे चिरंजीव इथेच राहतात?” “राहतो इथेच,” अण्णा म्हणाले. “येत नाही, एवढंच.”

ते चौदावं पत्र मी फडताळात ठेवू शकलो नाही. खरंखुरं तिकीट लावून पेटीत टाकलं. माझा बेत असा होता: पत्र घरी येईल, माणिक घेईल, मग मी मुलगा म्हणून उत्तर लिहीन, येतो म्हणून कळवीन, त्यांच्या जिवाला बरं वाटेल. आमचा पोस्टमन तीनला येतो, तेव्हा अण्णा झोपलेले असतात. जो आलाच नव्हता असं मी म्हणतो त्या मंगळवारी तो अकराला आला, कारण दुपारी त्याच्या भाच्याची मुंज होती. लवूनं त्याला सलाम ठोकून आत घेतलं, “हेडसायब, आवक टपाल!” पोस्टमन टेबलाला वळसा घालून सरळ माझ्याकडे आला. “विद्याधरराव, पत्र. आणि मजा म्हणजे अक्षरही तुमचंच!”

अण्णा उठले. “तळपदे, यांनी तुम्हाला काय म्हटलं?” “हे माझ्या मुलाचं पत्र आहे. तुम्ही त्याचं टपाल घेता? त्याच्या नावानं?” मी टोपी काढली. टोपी काढली की सगळं उलगडेल असं का वाटलं, ठाऊक नाही. “अण्णा, मी विद्या.” ते पाहत राहिले. इतका वेळ की त्यांच्या डोळ्यांत मी लहान लहान होत गेल्यासारखं मला वाटलं. मग मी हात मागे बांधले आणि कपाळ पुढे केलं. “विद्याधर गजानन तेलंग,” मी म्हटलं. “जाळ्यातून आलोय.” त्यांचा उजवा अंगठा हलला. मी पाहिला. शाई ओली आहे का पाहावं तसा तो तर्जनीवर घासला गेला, वर उचलला गेला, माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर आला. तिथे थांबला. “हे तुम्हाला कोणी सांगितलं?” अण्णा हळूच म्हणाले. “ही आमच्या घरातली गोष्ट आहे. त्याची आणि माझी. तुम्हाला कोणी सांगितली?” मग ते खाली बसले आणि तो हुकूम लिहिला, ज्यावर क्रमांक नाही.

हुकूम माझ्या हातात देऊन त्यांनी वहाणा मागितल्या. मुलाला स्वतः शोधायला जाणार होते. खारदांड्याला. मी पुढे झालो तर माझ्या अंगावर ओरडले, मग माणिक धावत आली, तीही रडायला लागली. पोस्टमन बिचारा भिंतीला चिकटून उभा. पुन्हा कडी, हाच विचार माझ्या डोक्यात आला आणि त्याच्यामागोमाग ठाणे. तेव्हा लवू वहाणा पाठीमागे धरून अण्णांच्या पुढे उभा राहिला. “जावा हेडसायब, मी येतंय संगती. पण तळपद्यांची जागा रिकामी झाली. ती न भरता गेलास तर चिरंजिवांचा टपाल इला तर घेतलो कोण?” अण्णा थांबले. दाराकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. मग परत येऊन खुर्चीत बसले, पेन्सिल हातात घेतली आणि म्हणाले, “बरोबर आहे. अर्ज मागवा.”

“दुसरं काहीतरी नाव टाका,” माणिक नंतर स्वयंपाकघरात म्हणाली. डोळे लाल होते, पण जीभ ठिकाणावर आली होती. “विद्याधर टाकलंत तर पुन्हा वहाणा.” “पण मी विद्याधर आहे गं.” “मला ठाऊक आहे ते. तेवढं पुरवून घ्या.” लवू म्हणाला, “मिशी काढा. नवो माणूस वाटतलो.” म्हणून बुधवारी दाढीबरोबर मिशीही गेली. आरशात ओठाच्या वरची पांढरट पट्टी पाहून मी माझं नाव म्हटलं. ते अडलं नाही, पण कोणी ‘ओ’ दिली नाही.

अर्ज मी दोन लिहिले आहेत. पहिला श्यामसुंदर वागळे, मॅट्रिक, सुवाच्य अक्षर, यांचा. तो लवू उद्या साडेनऊला टेबलावर ठेवील. तो मंजूर होईल याबद्दल मला शंका नाही, कारण दुसरा उमेदवारच नाही. वागळे वेळेवर येणार आहेत. कोणाचं टपाल घेणार नाहीत. सहाच्या आत घरी जाणार आहेत. (“वागळ्यांना रविवारी तरी राहायची परवानगी मागा,” माणिक म्हणाली.) दुसरा अर्ज हेडक्लार्कच्या अधिकाराबाहेरचा आहे. असे अर्ज साहेबांकडे पाठवायचे असतात, आणि साहेब बोटीनं गेलेले आहेत. त्याला क्रमांक घातलेला नाही. तो फडताळात त्या तेरा पत्रांच्या वर ठेवला आहे.

“मा. हेडक्लार्कसाहेब, आवक-जावक शाखा, यांचे सेवेशी. विषय: कपाळावरील शिक्क्याबाबत. महोदय, खाली सही करणार अर्जदार विद्याधर गजानन तेलंग, वय वर्षे एकतीस, राहणार आपलेच घरी, विनंतीपूर्वक कळवितो की, सदर अर्जदार सन १९३१ मध्ये मौजे खारदांडा येथे आपले समक्ष रीतसर आवक झालेला असून ती नोंद हल्ली सापडत नसल्याचे समजते. याबाबत कै. तळपदे अथवा श्री. वागळे यांचा काही दोष नाही. अर्जदार सध्या ज्या नावाने कामावर आहे त्या नावाने पुढेही राहण्यास तयार असून कोणतीही जागा, हक्क वा खुलासा मागत नाही. तरी मेहेरबानी होऊन, कोणत्याही एका दिवशी, कार्यालयीन वेळेत किंवा त्यानंतर, अर्जदार दारात उभा आढळल्यास त्यास ‘कोण पाहिजे’ असे विचारण्यात यावे, त्याचे उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेण्यात यावे, व पुढील योग्य ती कार्यवाही उजव्या हाताच्या अंगठ्याने करण्यात यावी, ही विनंती.”